एका ठशाची अकरा शहरं

"चित्र तेच आहे ना, मग परत परत काय बघायचं त्यात?" हा प्रश्न मला सिंगापूरमध्ये इतक्या वेळा ऐकावा लागला की पुढे पुढे तो येण्याआधीच माझ्या कपाळावर आठी यायची. नवऱ्याने विचारला, लेकीने विचारला, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी तर भर बैठकीत, हातातल्या कॉफीवरून नजरही न उचलता विचारला. मी दर वेळी शांतपणे समजावून सांगायचं ठरवायचे आणि दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढायचा.

मी इथल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या करारावर काम करत होते. काम एका पुस्तकाचं. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेला जगाचा इतिहास. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतो आणि छापणाऱ्याच्या हयातीपर्यंत येऊन थांबतो. एका संग्राहकाने तो आमच्याकडे काही महिन्यांसाठी दिला होता. दोघांनी मिळून उचलावा एवढा जाड ग्रंथ आणि त्यात लाकडावर कोरून छापलेली शेकडो चित्रं: राजे, संत, धूमकेतू, पूर, शहरं. प्रत्येक चित्राची नोंद करायची, जवळून काढलेला मोठा फोटो तिला जोडायचा, हे माझं काम.

पहिल्या आठवड्यात मला त्या छापणाऱ्याचाच राग आला होता. एक शहर होतं. डावीकडे बुटका बुरूज, मधे वेस, मागे टेकडी, खाली पूल. शीर्षक दमास्कस. चाळीस पानं पुढे गेले तर तोच बुरूज, तीच वेस, तोच पूल, आणि शीर्षक नेपल्स. मोजत गेले तर एकाच लाकडी ठशावर अकरा शहरं भागवली होती. राजांचंही तसंच. एकच दाढीवाला कधी इजिप्तचा, कधी फ्रान्सचा. ग्राहकाने एवढं महागाचं पुस्तक घेतलं आणि त्याच्या हातात हे ठेवलं! आमच्या शाळेत कुणी वहीत असं केलं असतं तर बाईंनी वही खिडकीतून बाहेर भिरकावली असती.

मग एका दुपारी भिंगातून बघताना बुरुजाच्या पायाशी केसासारखी पांढरी रेघ दिसली. दमास्कसला ती नखाएवढी होती. नेपल्सला वेशीपर्यंत पोचली होती. आणखी एका शहरात ती पुलाच्या कठड्याला चिरून गेली होती. मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. लाकडाला भेग पडली होती. ठसा ओला व्हायचा, वाळायचा, यंत्राच्या दाबाखाली जायचा, आणि दर वेळी भेग थोडी वाढायची. ती कधी कमी होत नाही. म्हणजे अकरा छाप भेगेच्या लांबीप्रमाणे ओळीने लावले, की कुठलं पान आधी छापलं आणि कुठलं नंतर, ते कळणार होतं. आणि माझ्या ओझरत्या मापांवरून तरी तो क्रम पानांच्या क्रमाशी जुळत नव्हता. पुस्तक पहिल्या पानापासून छापलंच नव्हतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारखान्यात कुठलं काम कधी चाललं होतं, हे मला एका भेगेवरून सांगता येणार होतं.

लेकीच्या जन्मानंतर नऊ वर्षं मी बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये तिचे डबे भरत आणि नवऱ्याच्या तुआसच्या कारखान्यातल्या शिफ्ट सांभाळत काढली होती. ती वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही. पण नऊ वर्षांनंतर माझं स्वतःचं असं काही म्हणणं असेल, तर ते या अकरा छापांत होतं.

ग्रंथ ठरल्या दिवशी मालकाकडे परत गेला. मला चिंता नव्हती, मोठे फोटो विद्यापीठाच्या सर्व्हरवर होते. तीन छापांची नीट मापं घेऊन झाली होती, आठ राहिले होते. तेवढ्यात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जावं लागलं. पाच आठवड्यांनी परत आले, कॉम्प्युटर उघडला, आणि आठ शहरं नव्हती. फोल्डर होते, शीर्षकं होती, आत काही नाही. पानांचे हलके फोटो तेवढे शिल्लक होते, वाचायला पुरतील असे. त्यात भेग दिसणं शक्यच नव्हतं.

सर्व्हरची व्यवस्था बघायला बाहेरची कंपनी होती आणि तिच्यातर्फे येणारा इंजिनिअर होता आमच्याच पुण्याचा. तोआ पायोहला राहायचा. गणपतीला आमच्याकडे जेवून गेला होता, मला ताई म्हणायचा. मी त्याला फोन लावला.

"हो ताई, ते मीच काढून टाकले," तो उत्साहाने म्हणाला. "डुप्लिकेट होते ना सगळे. केवढी जागा अडली होती! सर्व्हर आता बघा कसा पळतोय."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. पुसलेल्या फाइली महिनाभर राखून ठेवतात आणि मग कायमच्या जातात, हेही त्यानेच सांगितलं. मी पुण्याहून एक आठवडा आधी आले असते तर मिळाल्या असत्या. मालकाला कळवलं, तर त्यांनी ग्रंथ विकला होता आणि घेणाऱ्याची ओळख सांगता येणार नाही असं दोन ओळींत कळवलं.

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. लेक सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय्या, सेम पिक्चर व्हॉट, मम्मी. जस्ट यूज वन लाह." दहा वर्षांची पोर! मी तिच्यावर अशी खेकसले की ती बावरून खोलीत निघून गेली. तिचं काय चुकलं होतं? सगळं जग तेच म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी कागद घेऊन गेले होते. मी म्हटलं, एका छापाचा कागद पिवळा आहे, दुसऱ्याचा डागाळलेला. एकाची शाई फिकी, एकावर कुणीतरी हिरवा रंग भरलाय. असे फोटो कुठल्याही यंत्राला सारखे वाटूच शकत नाहीत. म्हणजे हे यंत्राने केलेलं नाही, माणसाने डोळे मिटून केलंय. इंजिनिअर मधे म्हणाला, "ताई, ते तुमच्या शीटमध्ये..." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस. तुला काही विचारलेलं नाही." हे मी मराठीत म्हटलं, त्यामुळे बाकीच्यांना कळलं नाही. त्याला कळलं. त्याने लॅपटॉप मिटला.

त्याच संध्याकाळी मी प्रमुखांना आणि त्याच्या कंपनीला मेल लिहिला. निष्काळजी, बेजबाबदार, अडाणी. एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. तीन दिवसांत कंपनीने त्याला आमच्या कामावरून काढलं. दुसरं काम मिळेल का ते बघू, असं त्याला सांगितलं होतं. इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की गाठोडं बांधायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आठवड्याने त्याचा मेसेज आला: दहा मिनिटं भेटाल का. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत गेले, खरं सांगायचं तर माफी ऐकायलाच गेले. त्याने माझ्यासाठी चहा आणून ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

माझीच शीट होती. चित्रांच्या नोंदींची. त्यात एक रकाना होता, 'नवा की सेम', मीच केलेला. दमास्कससमोर लिहिलं होतं नवा. त्याखाली दोन शहरांसमोर, ज्यांची मापं झाली होती, तिथेही नवा. पुढे सेम. सेम. सेम. आठ वेळा. कुणी भरलं आणि कधी, हे कडेला दिसत होतं. नाव माझं. दिवस पुण्याला निघायच्या आदला, आणि आठही खण एकाच मिनिटात भरलेले.

मला आठवलं. बॅग भरायची राहिली होती, शीट पूर्ण करून पाठवायची होती. ठसा एकच आहे, वर्णन परत काय लिहायचं, म्हणून एका खणात सेम लिहिलं, त्याचा कोपरा माउसने धरला आणि खाली ओढला, उरलेले सात आपोआप भरले. एवढंच. पुण्याहून आले की एकेक बघू.

"कंपनीचा नियमच आहे," तो म्हणाला. "क्लायंटने सेम लिहिलं की एक फोटो ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. मला वाटलं, तुम्ही तपासूनच लिहिलं असणार. तुम्हीच तर सांगायचात, मी एकेक छाप भिंगाखाली बघते."

"मग बैठकीत का नाही बोललास? ओरडायचंस ना!" माझा आवाज पुन्हा चढला. शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या.

"तुम्ही बोलू दिलं नाहीत, ताई."

मी घरी येऊन प्रमुखांना दुसरा मेल लिहिला. पहिल्यापेक्षा लहान. फोटो काढून टाकायची सूचना माझ्या शीटमध्ये होती, ती मी दिली होती, त्याने ती पाळली. सकाळी प्रमुखांचा फोन आला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की प्रकरण मिटलंय, माणूस बदललाय, आता हे उकरून काय मिळणार? तुमच्या कराराचं नूतनीकरण समोर आहे, मेल मागे घेतलेला बरा. "कोणी केलं तरी फोटो गेलेच ना? सेम थिंग लाह."

मी म्हटलं, "सेम नाही." इतक्या जोरात म्हटलं, की आतून लेक बघायला आली. फोन ठेवला आणि तोच मेल त्याच्या कंपनीला पाठवला, त्यांच्या वरच्या साहेबांना आणि मनुष्यबळ विभागालाही. त्याला दुसरीकडे काम मिळालं. माझ्या मेलमुळे की आधीच ठरलं होतं, ते मला कळलं नाही, आणि यंदाच्या गणपतीला तो आमच्याकडे आला नाही.

माझं नूतनीकरण झालं नाही. लेख मात्र मी लिहिला, तीन छापांवर. तीन छापांवरून भेग वाढत गेली एवढं दाखवता येतं, सगळा क्रम सांगता येत नाही. उरलेल्या आठांबद्दल एक तळटीप द्यावी लागली. संपादकांनी त्यात सुचवलं, 'तांत्रिक कारणाने उपलब्ध नाहीत' असं लिहा, सगळे असंच लिहितात. मी ते खोडलं. आता तिथे लिहिलंय: 'या आठ छापांची छायाचित्रं लेखिकेने न बघता सारखी ठरवली, म्हणून ती नष्ट झाली.'