पिवळ्या शर्टातलं बुजगावणं

मिंग फोआनच्या, म्हणजे आमच्या फोआनमावशीच्या, हातच्या शेवया खाल्ल्याशिवाय आमच्या गावाचा दिवस उजाडत नसे, आणि तिच्या तोंडचं ऐकल्याशिवाय मावळत नसे. पहाटे ती खांबांवरच्या आपल्या घराखाली चूल पेटवायची, तांदळाच्या ताज्या शेवयांवर माशांची हिरवी आमटी ओतायची, वर चिरलेलं केळफूल टाकायची, आणि वाडगं हातात देतादेता कालपासून गावात कुणाचं काय चुकलं ते सांगायची. मीठ हा तिचा खास विषय. शेजारच्या किमलायच्या आमटीत मीठ कधीच पुरेसं नसतं, हे ती किमलायकडच्या लग्नात, किमलायच्या सासऱ्याच्या अंत्यविधीत आणि मधल्या सगळ्या सणांना पोटभर जेवून सांगत आली होती.

फोआनचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, थावी, सीमेपलीकडे थायलंडात मासे साफ करायच्या कारखान्यात होती. ती दर एप्रिलला नव्या वर्षाच्या सणाला घरी यायची, आणि फोआन त्या दिवसांची वाट बघत वर्ष काढायची. अर्थात हे ती कुणाला सांगत नसे. लोकांना सांगायची, "येते आणि माझा अर्धा तांदूळ संपवून जाते."

त्या वर्षी मार्चमध्ये जगभर पसरलेला तो रोग आमच्याकडे फोनमधून आला. स्वतः यायला त्याला अजून वेळ होता, पण त्याची बातमी आणि त्याच्यावरचं औषध आधीच पोचलं. लसूण खा म्हणाले, तर बाजारातला लसूण संपला. मग लिंबू, मग आलं, मग उकडलेली अंडी. नंतर कुणीतरी कुणाच्या तरी डॉक्टर भाच्याचा आवाज ऐकवला की यातल्या कशानेच काही होत नाही. त्या भाच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. म्हातारे गावप्रमुख ता यिम यांनी सगळ्या गावाला विहाराच्या मंडपात बोलावलं आणि गर्दी करू नका असं बजावून सांगितलं. कर्णा बिघडलेला असल्यामुळे नीट ऐकू यावं म्हणून लोक एकमेकांना खेटून बसले होते. सगळ्यांनी नाकातोंडाला क्रामा, म्हणजे आमचा चौकड्यांचा पंचा, बांधला होता आणि बोलायची वेळ आली की तेवढा तो खाली ओढत होते. शिंकायची वेळ आली तरीही.

"हे सरकारी बोलणं राहू द्या," फोआन मधेच उठून म्हणाली. "आपल्या आज्यापणज्यांनी पटकी आली तेव्हा काय केलं होतं? तिंग मोंग उभा करा दारात, पेंढ्याचा राखणदार. रोगच काय, रोगाचा बाप परत जाईल."

मंडपात एकदम जीव आला. हात धुण्यापेक्षा हे सोपं होतं. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक फाटकाशी पेंढ्याचं बुजगावणं उभं राहिलं: कुणाच्या डोक्यावर फुटकं हेल्मेट, कुणाच्या हातात लाकडी बंदूक, कुणाच्या तोंडात सिगारेट. ता यिम यांनी आपल्या बुजगावण्याला काळा चष्मा घातला. हा रोग रस्त्याने पायी येतो का, आणि त्याला डोळे असतात का, याची चौकशी कुणी केली नाही.

फोआनचं बुजगावणं साहजिकच सगळ्यांत भयंकर व्हायला हवं होतं. कोळशाने भुवया काढल्या, नारळाच्या करवंटीचे दात बसवले, हातात मोडका कोयता दिला. कपड्यांचा मात्र प्रश्न पडला. बुजगावण्याला घरातल्याच माणसाचे कपडे लागतात, आणि नवऱ्याचे तर तो गेला तेव्हाच विहारात देऊन झाले होते. मग तिने ट्रंकेतून थावीचा फुलाफुलांचा पिवळा शर्ट आणि सारोंग काढला. पोरगी आता तिकडच्या फॅशनचं घालते, हे जुनं तिला कशाला लागतंय, असा तिने स्वतःशीच निकाल दिला. पिवळ्या शर्टातलं ते ध्यान रस्त्याच्या वळणावरूनसुद्धा ओळखू यायचं. लोक थांबून फोटो काढायचे आणि फोआन त्यांना हटकून म्हणायची, "लांबून काढा, रोग लागेल!"

त्याच आठवड्यात किमलायचा मुलगा वुथा राजधानीतून परत आला. कपड्यांचा कारखाना बंद पडला होता. त्याला ना ताप होता ना खोकला. त्याच्याकडे फक्त एक पिशवी होती. पण फोआन रस्त्यात आडवी उभी राहिली.

"गावात पाऊल टाकायचं नाही! दोन आठवडे शेतातल्या झोपडीत राहा."

"बाँग, मोठी बहीण म्हणते तुला, निदान मला त्याचं ताट तरी बांधापाशी नेऊन ठेवू दे," किमलाय म्हणाली. डोळ्यांतलं पाणी ती पुसत नव्हती, कारण फोनमधल्या सूचनेप्रमाणे तोंडाला हात लावायचा नव्हता.

"ताट? ताटावर बसूनच तर येतो रोग! भात पिशवीत बांध आणि रस्त्यावरून फेक. तरणाताठा आहे, झेलेल."

गावाला हे पटलं. ओरडून सांगितलेलं आमच्या गावाला नेहमीच पटतं. वुथा दोन आठवडे हवेतून येणारा भात झेलत राहिला. दोनदा पिशवी चिखलात पडली तेव्हा बघणारे हसले, आणि पोराला नेमच येत नाही असं फोआन सगळ्यांना वाडग्याबरोबर सांगत राहिली. तो धडधाकट घरी परतला तेव्हा तर तिने त्याचं श्रेयही आपल्या बुजगावण्याला दिलं.

मग थावीचा फोन आला.

"माक, कारखाना बंद झाला. सीमेवर माणसांची नुसती चेंगराचेंगरी चाललीय. सामान घ्यायलाही दिलं नाही, अंगावरच्या कपड्यांनी निघालेय. उद्या पोचते."

फोआनने फोन खाली ठेवला, आणि त्या दुपारपासून तिच्या वैद्यकीय ज्ञानात मोठी भर पडली. सीमेवर तपासणी होते म्हणे, आजारी माणसाला सोडतच नाहीत. मासे साफ करणाऱ्यांचे हात सतत मिठाच्या पाण्यात असतात, आणि मिठापुढे कुठला रोग टिकतो? शिवाय तिची थावी लहानपणापासून साबणाने अंघोळ करते.

"आणि माझा वुथा काय शेणाने करतो?" कुंपणापलीकडून किमलायने विचारलं.

"तसं नाही गं. पण राजधानीतला रोग वेगळा, थायलंडातला वेगळा."

"हो ना. तिकडचा जास्त आहे."

ता यिमसुद्धा ऐकेनात. "फोआन, नियम तुझाच आहे," एवढंच म्हणून त्यांनी क्रामा नाकावर ओढला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. पोरगी घरी येणार होती, आणि तिला घरात घ्यायचं तर गावाशी भांडायचं होतं. गावाशी भांडायचं तर आजवरचं आपलं सगळं बोलणं गिळायचं होतं. शेवया ती रोज शेकड्यांनी करायची, पण बोललेलं गिळायची तिला सवय नव्हती.

थावी दुसऱ्या दिवशी दुपारी मालवाहू टेम्पोतून उतरली. घामाने आणि धुळीने अंगावरच्या कपड्यांचा रंग कळत नव्हता. गाव दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून सुरक्षित अंतर सोडून उभं राहायचं म्हणून आलं होतं आणि नीट दिसावं म्हणून एकाच ठिकाणी दाटलं होतं. फोआन फाटकाच्या आत होती. फाटकाशी कोयता उगारलेलं बुजगावणं होतं. थावीची पावलं तिथेच थांबली.

"हा माझा शर्ट ना, माक?"



"सणाला घालायचा म्हणून ठेवला होता," थावी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फार थकलेली होती. "मला आत नको घेऊस. रस्त्यात सगळं कळलंय मला. मी शेतात जाते. फक्त तेवढे कपडे काढून दे, बदलायला काही नाही माझ्याकडे."

फोआनला तोंडात मारल्यासारखं झालं. बुजगावण्याला पोरीचे कपडे घालून आपण आपल्याच पोरीवर कोयता उगारून ठेवलाय, हे तिला त्या क्षणी, सगळ्या गावासमोर दिसलं. ती पुढे आली आणि बुजगावण्याची बटणं काढायला लागली.

"अगं काय करतेस! दारचा राखणदार नागवा करतेस?" ता यिम ओरडले.

"तुमचा आहे ना चष्मा लावून? तो बघेल."

शर्ट निघाला, सारोंग निघाला. करवंटीचे दात गळून खाली पडले आणि पेंढा वाऱ्याने रस्त्यावर पसरला. फोआनने कपडे झटकले, घडी केली आणि फाटकाबाहेर ठेवले. थावीने ते उचलले आणि ती शेताच्या दिशेने चालू लागली. फोआनला तिला थांबवायचं होतं, पण तिच्याच नियमाप्रमाणे ते चालणार नव्हतं.

संध्याकाळी ती भात घेऊन शेताकडे गेली. पिशवीत नाही, ताटात. कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं काम तिचंच होतं. झोपडीसमोर थावी धुतलेले केस सोडून, पिवळा शर्ट घालून उभी होती. रस्त्यावरून सायकलने जाणारा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "फोआनने आपलं बुजगावणं शेतात हलवलं वाटतं."

फोआनने बांधाच्या अलीकडे ताट ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या, बाजूला दोन केळी, आणि चार पावलं मागे सरली.

"उदबत्ती विसरलीस," पलीकडून थावी म्हणाली.

फोआन हसली. मग तिला रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. तिने तोंडाला हात लावला, दोन्ही हात लावले, आणि मग धोतरासारखा सारोंग वर खोचून ती बांध ओलांडून पलीकडे गेली.

आता तिलाही गावात परतता येणार नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दोघींचं जेवण झालेलं होतं आणि उद्याच्या भाताचा प्रश्न उभा होता. गावात दुसऱ्या सकाळी कुणाला शेवया मिळाल्या नाहीत. फोआनचा नियम किती योग्य आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, विशेषतः फोआन समोर नसल्यामुळे.

उन्हं वर आल्यावर किमलाय बांधावरून चालत आली. डोक्यावर टोपली होती. तिने ताट काढून खाली ठेवलं, झाकण सारखं केलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दोघींना पुरेल. तांदूळ चांगला आहे."

"किमलाय..." फोआन म्हणाली.

"जेव. माझ्या पोराला तू एवढंही ठेवू दिलं नव्हतंस, बाँग."

ती गेली. फोआन ताटाकडे बघत राहिली. मग तिने थावीला वाढलं, स्वतः घेतलं आणि मान खाली घालून सगळं संपवलं. आमटीत मीठ नेहमीप्रमाणे कमी होतं. ती काही बोलली नाही.