चालता चालता भरलेली कॅसेट

दुकानात वाद्यं ठेवली की गिऱ्हाइकं कमी आणि किस्से जास्त जमतात. गिऱ्हाईक वस्तू घेऊन जातं. कलावंत पेटीवर दोन बोटं फिरवतो, चहा पितो, काहीतरी बोलून जातो आणि ते बोललेलं आपल्याकडेच राहतं. माझ्याकडे असा बराच माल पडून आहे. त्यातला बहुतेक माझ्याच फजितीचा, त्यामुळे वाटून टाकायला हरकत नाही!

शिरूरच्या पेठेत माझं दुकान. तबले, ढोलक्या, टाळ, कॅसेटी आणि बाहेर पाटी : 'कॅसेट भरून मिळेल'. नव्वदच्या दशकात ह्या पाटीला मोठा मान होता. माझं शिक्षण नववीपर्यंत, संगीताचं तेवढंही नाही.

एक दिवस दौंडहून रघुमामा आले. ब्रास बँडमध्ये पस्तीस वर्षं क्लारनेट वाजवलेला माणूस. म्हणाले, "शेठ, डॉक्टर म्हंतो पुढचे समदे दात काढायचे. पुढच्याच आठवड्यात."

"मग कवळी बसवा की!"

"कवळी लावून फुकलं तर क्लारनेटच्या आधी कवळीच वाजंल! दिवाळीनंतर पोरीचं लगीन धरलंय. आख्ख्या तालुक्याच्या लग्नात वाजवलं, आन् माझ्याच पोरीच्या लग्नात मी मुका. दात हायेत तवर एक कॅसेट भरून द्या."

मी लगेच हो म्हणालो. वर माझं शहाणपण : "नुसतं वाजवणं कशाला? आधी तुमची मुलाखत घेऊ. जीवनप्रवास!"

"प्रवास म्हंजी दौंड ते दौंड," मामा म्हणाले.

पण मी ऐकतोय कसला! आठवडा हातात होता. मामांच्या कॅसेटमध्ये चूक नको, म्हणून सरावाला बाकीच्या कलावंतांना बोलावलं.

*

पहिले आले पाटसचे ढोलकीवाले बबनराव. मुलाखतीआधी आपली छाप पडावी म्हणून मी शेल्फावरची नवी ढोलकी काढली, कान लावला, दोन थापा मारल्या आणि मान हलवली. "जरा उतरलीय, नाही?"

बबनराव शांतपणे म्हणाले, "शेठ, आधी बोटातली अंगठी काढा."

"का हो?"

"वाजवणाऱ्याच्या बोटात अंगठी नसती. इकणाऱ्याच्या असती."

त्या दिवसापासून मी अंगठी गल्ल्यात ठेवून ढोलकी दाखवतो. खप वाढला!

*

दुसरा ऑर्केस्ट्रातला गायक. दिवसा रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्ट, संध्याकाळी स्टेज. कंपनीच्या बसमधून उतरून युनिफॉर्मवरच आला. मी विचारलं, "एवढ्या धावपळीत रियाज कधी करता?"

"मशीनवर. जोरजोरात गातो. आमच्या लाइनला सगळ्यांना माझं गाणं आवडतं."

"वा! म्हणजे रसिक सहकारी लाभले!"

"तसं न्हाई. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकूच येत न्हाई. एकदा मशीन मधेच बंद पडलं, तवा साहेबानं मेमो दिला."

*

धोंडीआबांचा किस्सा वेगळा. उभा जन्म मेंढरांमागं गेला, आता शेती. पण ओव्या गायला उभे राहिले की पंचक्रोशी जमते. मी टेप चालू केला आणि पहिला प्रश्न टाकला, "आबा, तुमचा जन्म कुठला?"

आबांनी कानावर हात ठेवला आणि सुरूच केलं. गणपती झाला, बिरोबा झाला, खंडोबा झाला, गुरू झाले, वाटेतल्या एकेका गावचा देव झाला. तीस मिनिटांनी खट् करून कॅसेटची बाजू संपली.

मी म्हणालो, "आबा, जन्म राहिला की!"

आबा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "आवं, देव बसल्याबिगर माणसानं कसं जल्मायचं?"

*

शेवटचा सराव सुमनताईंवर. एके काळी तमाशात गायच्या. मी गंभीर आवाजात विचारलं, "ताई, गाणं का सोडलंत?" आणि त्या उत्तर द्यायच्या आत मीच गाण्याचे जुने दिवस, नवे दिवस, लोकांची आवड, कॅसेटचा धंदा असं सगळं सांगून टाकलं.

ताई चहा संपवून उठल्या. "शेठ, म्या गाणं न्हाई सोडलं. ऐकणारं मिळंना. आज तुमी बोलावलं तर वाटलं, मिळालं. तर तुमीच सुरू झालात!"

घरी ती कॅसेट बायकोला ऐकवली. पंधरा मिनिटं ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "ह्यात बाई कुठंय?"

*

एवढी तयारी झाल्यावर रघुमामांचा दिवस उजाडला. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला डॉक्टर. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

शेजारच्या गादी कारखान्यातून गाद्या आणून मी दुकानाच्या भिंतींना उभ्या लावल्या. पेठेतला आवाज आत यायला नको! मधोमध खुर्ची, समोर माइक. मुलाखत मी स्वतःहून रद्द केली, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

मामांनी क्लारनेट तोंडाला लावलं. निघालं काय, तर नुसतं "पीं". पुन्हा फुंकलं. पुन्हा "पीं".

"मामा, घाबरलात का?"

"घाबरतोय कशाला? पस्तीस वर्षं चालत वाजवलंय हो! वरातीत खुर्ची कोण देतंय? पाय उचलला तरच सूर उचलतोय माझा."

"मग चाला की आतल्या आत!"

मामा उभे राहिले, चालू लागले, आणि काय सांगू, चौथ्या पावलाला असा सूर लागला की माझ्या अंगावर काटा आला. पण पाचव्या पावलाला काउंटर! मामांचे डोळे मिटलेले. वळले ते थेट दारातून बाहेर, रस्त्यावर. माइकची वायर ताणली, टेप टेबलावरून घसरला. मी तो काखेत मारला, नशीब तो सेलवर होता, आणि मामांपुढं माइक धरून उलटा चालायला लागलो.

भर पेठेतून आम्ही दोघं! मामा रंगात आलेले. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मी ओरडलो. म्हैस आली, ओरडलो. वाजंत्री बघून एका रिक्षावाल्यानं सवयीनं रिक्षा कडेला घेतली. भाजीवाली म्हणाली, "बया, नवरदेव कुठाय?"

तिच्या शेजारणीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्यो काय, म्होरं!"

"ह्या वयात?"

पुलाजवळ खट् करून कॅसेट संपली. मामांनी डोळे उघडले. "आलं का?"

दुकानात येऊन ऐकलं. क्लारनेट लख्ख आलेलं. पण त्याच्यावर, माइकला तोंड लावल्यासारखा, मी! "ओ बाजूला व्हा! बाजूला! म्हैस घ्या, म्हैस! मामा, थांबा! अहो, थांबा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "मामा, परत भरू. मी एक अक्षर बोलत नाही."

मामांनी रुमाल ओठांना लावला. काढला तेव्हा लाल होता. "न्हाई शेठ. होतं तेवढं आलं."

*

दिवाळीनंतर दौंडला लग्न. दुपारी नवरदेव मारुतीला निघाला. मामांच्या बँडवाल्यांनी पुढच्या रांगेत क्लारनेटची जागा मोकळी सोडलेली. जीपवरच्या भोंग्यावर माझी कॅसेट लागली आणि मामांचा सूर निघाला. ढोलवाल्यांनी बरोबर ठेका धरला. मुलगी मांडवाच्या दारात उभी राहून ऐकत होती. मामा वरातीपुढं, रुमाल तोंडावर धरून चाललेले.

आणि भोंग्यातून मी ओरडलो, "ओ बाजूला व्हा!"

वऱ्हाड बाजूला झालं!

"म्हैस घ्या, म्हैस!"

नवरदेवाच्या मावशीनं पदर सावरून मागं बघितलं. मी जीपच्या आडोशाला सरकलो, कारण पुढं काय येणार हे एकट्या मलाच माहीत होतं.

"मामा, थांबा! अहो, थांबा!"

ढोल थांबला. घोडा थांबला. आख्खी वरात जागच्या जागी उभी राहिली. भोंग्यात क्लारनेट तेवढं वाजत होतं आणि त्याच्या पुढं मामा एकटेच चालत होते.

दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं. वळले, तोंडावरचा रुमाल काढला आणि बोळक्या तोंडानं सगळ्या वरातीवर ओरडले,

"आरं चला की! त्याचं काय ऐकताय? म्या तरी त्या दिवशी कुठं ऐकलं हुतं!"