नागूअक्काचं नाक

आमच्या शाळेच्या फाटकाशी सकाळी पहिल्यांदाच येणाऱ्याला वाटायचं, ही बाई मुलांचे मुके घेतेय की काय. नागूअक्का खाली वाकायची, मुलाची हनुवटी दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, "आ कर, कंदा." कंदा म्हणजे कन्नडमधलं बाळा. मूल आ करायचं. अक्का त्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगायची आणि पाठीवर थाप मारून आत सोडायची. एखाद्याला मात्र थाप मिळत नसे. त्याच्या आईकडे बघून अक्का शांतपणे विचारायची, "कितीला पाजलं औषध?" आणि भल्याभल्या आयांचा चेहरा पडायचा.

अक्का शाळेची आया. कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हा ताप मोजायची बंदूक आली, आणि ती मुलांच्या कपाळावर रोखायचं काम अक्काकडे आलं. आठवड्याभरातच तिच्या लक्षात आलं की घरून तापाचं गोड औषध पाजून आणलेलं मूल बंदुकीला ठणठणीत दिसतं. मग तिने बंदूक खुंटीला टांगली. मला म्हणाली, "तिला काय कळतंय, टीचर? ताप झोपलेला असतो तोवर ती गप. अकराला तो उठतो, तोवर लेकराने चौघांच्या तोंडावर खोकलेलं असतं."

हे नाक तिला बापाच्या दुकानात मिळालं. तिच्या माहेरच्यांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. चार पिढ्यांपासून बेंगळुरूत, घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. ओल लागलेलं ठाण कोणी वाळवून, इस्त्री करून नवं म्हणून आणलं, की वडील ते लहानग्या नागूपुढे धरायचे आणि नागू नाक मुरडायची. "कापड काय, लेकरू काय," ती म्हणायची, "वरून इस्त्री केली तरी आतली ओल जात नाही."

मी बेळगावकडची, इथे गणित शिकवायला आलेली. मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून मी तिच्याशी बोलायला गेले आणि तिने पहिल्याच दिवशी माझ्या वर्गाच्या खिडक्या उघडल्या. आम्ही शिक्षक रस्त्याच्या आवाजाला वैतागून त्या लावून घ्यायचो. ती दर तासाला येऊन उघडायची. "चाळीस जणांनी एकमेकांचा श्वास किती वेळ पुरवून पुरवून घ्यायचा?" मुलं एका बाटलीला तोंड लावून पाणी प्यायची, तेव्हा ती मागून ओरडायची, "दोस्ताचा हात धर रे, बाटली नको!"

पण ती कठोर नव्हती. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळीला निघालेली एखादी आई फाटकात रडकुंडीला यायची. परत न्यायचं तरी कुठे? घराला कुलूप. अक्का तिला म्हणायची, "सरी, बरं, तू जा. पण वर्गात नाही हं." मैदानाच्या कोपऱ्यात करंजाचं झाड होतं. त्याखाली उघड्यावर चटई घालून ती त्या मुलाला निजवायची आणि तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्याच्याजवळ बसायची.

तिचं खरं भांडण होतं ते बिल्ल्याशी. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला आमची शाळा पितळेचा बिल्ला द्यायची. मुख्याध्यापिका मॅडमना त्याचा फार अभिमान. त्यांची धाकटी नातही तो छातीवर लावून मिरवायची. अक्का मला हळूच म्हणायची, "बिल्ला मुलाला नाही, खोकल्याला देताय तुम्ही." मी हसायचे. हसायला माझं काय जात होतं?

मग माझी मुलगी मनवा दुसरीत असताना तिच्या बिल्ल्याला अवघे तीन दिवस उरले होते, आणि पहाटे तिचं अंग चटका बसेल इतकं तापलं. त्याच दिवशी माझा तास पाहायला बाहेरून तपासनीस येणार होते. नवरा गावाला. मी तिला गुलाबी औषध पाजलं, वास मारायला पुदिन्याच्या चटणीशी इडली भरवली, आणि निघाले. वाटेत तिला बजावलंही, "अक्काला काही सांगू नकोस."

फाटकात अक्का वाकली. "आ कर, कंदा." तिने हुंगलं आणि क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं. मग मनवाच्या पाठीवर थाप पडली. चटणीने काम केलं म्हणून मी मनात खूश झाले, हे आज लिहितानाही लाज वाटते.

अकराला ताप उठला. मी तपासनिसांपुढे अपूर्णांक शिकवत होते, आणि खिडकीतून मला करंजाखालची चटई दिसत होती. अक्काच्या मांडीवर माझी लेक. ग्लानीत असलेल्या तिने अक्काचा रुमाल ओढून मुठीत धरला होता आणि अक्काने तो सोडवून घेतला नव्हता. मनवा तिच्या तोंडावर खोकत होती. मी तास पूर्ण केला.

त्या आठवड्यात दुसरीचा अर्धा वर्ग आजारी पडला, आणि पाठोपाठ अक्का. तिच्या छातीत न्यूमोनिया झाला. ती वाचली, पण चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, आता मुलांच्या गर्दीत जायचं नाही. तिला निरोपसुद्धा देता आला नाही. तिची लेक येऊन तिला आपल्या घरी, होसकोट्याला घेऊन गेली. मनवामुळेच झालं असं कोणी म्हणालं नाही, कोणाला सांगताही आलं नसतं. पण सुट्टीनंतर शाळा उघडली तरी मी दोन महिने फाटकातून मान खाली घालून जात होते.

शेवटी एका रविवारी होसकोट्याला गेले. अक्का अंगणात खुर्ची टाकून बसली होती, अर्धी झालेली. मला बघून तिचं पहिलं वाक्य, "खिडक्या उघडतं का कोणी?" मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. औषध, चटणी, मनवाला दिलेली ताकीद.

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "स्ट्रॉबेरीचा होता. वास आला होता मला."

"मग थांबवलं का नाहीत, अक्का?"

"आई आली तर थांबवते मी. टीचरला कसं थांबवू? तुम्ही शिकलेल्या. वाटलं, मला ठाऊक नाही असं काहीतरी तुम्हाला ठाऊक असेल." तिला धाप लागली. ती थांबली. "इतक्या दिवसांत एकदाच नाकाचं ऐकलं नाही. चूक माझीपण आहे, टीचर."

ते "माझीपण" ऐकून मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, मुलांना मारायची तशीच.

"अय्यो, पुरे आता. नाक चोंदेल. उद्या लागणार आहे ते."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी फाटकात उभी राहिले. मुलं बुजली, सोडायला आलेल्या दोघी-तिघी आया हसल्या. मला वासही धड कळत नव्हता. अक्काचं नाक मी कुठून आणू? इतक्यात मॅडमची गाडी थांबली आणि बिल्लेवाली नात उतरली. गाल लाल, डोळे जड. मागून मॅडम. नात सवयीने पुढे निघाली. मी वाकले आणि तिची हनुवटी दोन बोटांत धरली.

"आ कर, कंदा."

या वेळी वास कळला. संत्र्याचा. मी सरळ उभी राहिले आणि मॅडमच्या डोळ्यांत बघून विचारलं, "कितीला पाजलं औषध?"