तडजोडीच्या दोन झेरॉक्स
गरम झेरॉक्सचा वास आला की शहागंजमधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला तो दिवस आठवतो. एका निवृत्त सरांचं गणिताचं पुस्तक मी त्यांना न विचारता झेरॉक्स मारून विकलं होतं. त्यांच्या वकिलाची भरपाईची नोटीस आली, आणि पाठोपाठ सर स्वतःच दुकानात आले. मी त्यांचे पाय धरले. "सर, एकदम नाय जमायचं. मशीन विकली तर लेकरांनी खायचं काय?" "मग हप्त्यानं दे," म्हणत त्यांनी काउंटरवरच तडजोडीचा कागद लिहिला. मी सही केली. "दोन झेरॉक्स काढ. एक तुला, एक वकिलाला." काढल्या, तर त्यांनी चार रुपये पुढं केले. "राहू द्या, सर." "फुकट कशाला? मेहनत तुझी हाय." हप्ते केव्हाच फिटले. ते चार रुपये अजून अंगावर आहेत.