नूरी लंडनला गेली ती दुपार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. चहा मात्र गार होऊ देऊ नका. माझ्या अब्रूचं काय व्हायचं ते होऊन गेलंय.

मी बरकतपुऱ्यात एका अपार्टमेंटमध्ये एकटीच राहते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची इरा अंबरपेठेहून माझ्याकडे येते. वय वर्षं आठ. तोंडाचा पट्टा अखंड सुरू, पण मराठी पुस्तक हातात दिलं की लगेच तिचं पोट दुखतं. म्हणून मीच तिला गोष्टी रचून सांगते. त्या गोष्टींत दोन डिटेक्टिव्ह असतात. एक आमच्या शेजारच्या खालांची मांजर नूरी, दुसरा गल्लीतला कुत्रा कालू.

त्या दिवशी सकाळी मी गोधड्यांना ऊन दाखवायला काढल्या होत्या. हैदराबादेत थंडी ती कितीशी? पण आम्ही मूळचे परभणीकडचे, उन्हाळ्यात गोधड्या उन्हात पडल्या नाहीत तर मला चैन पडत नाही. दिवाणाची पेटी सकाळभर उघडीच होती. जेवणं झाल्यावर मी गोधड्या परत भरल्या, झाकण लावलं, वर गादी टाकली आणि आडवी झाले. इरा कुशीत शिरली.

"आत्या, आज नूरी-कालू कुठे?"

"सुट्टीवर गेलेत. लंडनला."

आता मी लंडन कधी पाहिलंय? तिरुपतीच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. त्यामुळे माझ्या लंडनमध्ये चिंचेची झाडं होती, इराणी चहा होता आणि दुपारी दुकानं बंद होती. तिथल्या मोठ्या घड्याळाचा काटा चोरीला गेला होता, म्हणून गावात सतत दुपारच होती. नदी पेंगत पेंगत वाहत होती. पोलीस उभ्या उभ्या डुलत होते. राणी सिंहासनावर तक्क्याला टेकून घोरत होती. जागे काय ते दोघंच, नूरी आणि कालू. वर पंखा फिरत होता, माझ्या पापण्या जड झाल्या होत्या, आणि खरं सांगते, मला ती नदी समोर दिसत होती.

"मग नूरीनं नाक वर केलं," मी म्हणाले, "आणि हळूच..."

"म्याव."

इरा उठून बसली. "आत्या, सच्ची आवाज आला."

"येणारच," मी डोळे न उघडता म्हणाले. "गोष्ट रंगली की असं होतं."

किती अभिमान वाटला म्हणून सांगू. मी तशीच हसत हसत लंडनच्या नदीकाठी झोपून गेले.

जाग आली ती बेलनं. दारात खाला, त्यांच्यामागे इरा, आणि तिच्यामागे वॉचमन.

"बाई, मेरी नूरी को कहाँ भेजे तुम?"

"लंडन," मी झोपेतच बोलून गेले.

"मजाक नक्को करो. पेट से है उनो. बच्ची बोल री, आत्या भेजे, अब चोरी का केस खतम होए तक नई आती बोलके."

"अहो खाला, वो तो कहानी है."

"कहानी है तो बिल्ली किधर है?"

त्यातून आठवड्यापूर्वीच नूरीनं माझं दूध सांडलं होतं, तेव्हा मी जिन्यात उभी राहून, हिला पोत्यात घालून मुसी नदीपलीकडे सोडते, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले होते. तेवढ्यात वॉचमन म्हणतो, "मेडम सुबू बोरी लेके गए थे ना, मैं देखा." अरे बाबा, सकाळच्या त्या पोत्यात जुना कापूस होता, गौलीगुड्याच्या पिंजाऱ्याला द्यायचा. पण आता कुणाला सांगते मी?

आम्ही गच्ची पाहिली, जिना पाहिला, गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं. कालू सापडला, तो झोपला होता. नूरीचा पत्ता नाही.

खाला पायरीवरच बसल्या. त्यांची लेक लग्न करून परदेशात, दम्मामला गेली, तेव्हा नूरीला आईच्या ओटीत घालून गेली होती. रोज फोनवर आधी नूरीची चौकशी, मग आईची. "मैं उसको क्या मुँह दिखाऊँ, बाई?" त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. ईदला पहिला शीरखुर्मा ज्या घरातून माझ्याकडे येतो, त्या घरातली बाई माझ्याकडे अशी बघत होती. मला फार वाईट वाटलं. रडूच यायला लागलं.

त्यांचा हात धरून मी त्यांना घरात आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि समोर दिवाणावर बसले. "खाला, आईची शपथ घेऊन सांगते, मी तुमच्या नूरीला हातसुद्धा लावलेला नाही. कुठे असेल तिथून शोधून आणते."

"म्याव."

इरा म्हणाली, "आत्या, लंडनवाली म्याव फिरसे आई."

खालांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खाली पाहिलं.

"बाई," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "उठो."

गादी उचलली, झाकण उघडलं, वरची गोधडी बाजूला केली. माझ्या आईनं तिच्या लग्नातल्या साड्यांची शिवलेली गोधडी, जी मी कुणाला पांघरायलासुद्धा देत नाही, तिच्यावर नूरीबाई पसरल्या होत्या आणि पोटाशी तीन पिल्लं लुचत होती. शेवटची गोधडी आणायला मी गॅलरीत गेले, तेवढ्यात ती आत शिरली असणार. मी वरून गोधडी टाकली, न बघता झाकण लावलं, आणि तिच्यावर लोळत तिच्याच शौर्याची गोष्ट सांगत होते.

खाला रडता रडता हसायला लागल्या, मग मला मिठी मारून परत रडल्या. तिथूनच दम्मामला फोन लागला. वॉचमननं ही बातमी संध्याकाळपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली.

तेव्हापासून अपार्टमेंटमध्ये कुणाची किल्ली हरवो, चष्मा हरवो, लोक आधी माझ्या दारात येतात. शोधून द्या म्हणत नाहीत. म्हणतात, "आत्या, जरा उठून उभ्या राहता का?"