गाळमावशी आणि तळचा थर

प्रयोगशाळेत तिला सगळे गाळमावशीच म्हणत. उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांचा गाळ लांबलचक नळ्यांतून यायचा. तो धुऊन काचपट्टीवर चढवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवरा चिडवायचा, "जगाचा चिखल धुतेस, घरची भांडी मात्र माझ्या गळ्यात!"

"भांड्यात काचेची घरं सापडली की हाक मार, धावत येते."

घरं खरीच होती. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, काचेच्या इवल्याशा डबीत राहणारं. जीव संपला की डबी तळाशी बसते, थरावर थर. दगडांना चिकटणाऱ्या जाड डब्या जास्त, तर तळं वर्षभर बर्फाखाली. तरंगणाऱ्या हलक्या चकत्या जास्त, तर उन्हाळ्यात पाणी मोकळं.

त्या दिवशी सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना थर होता. जेमतेम चमचाभर. गाळ आम्लात उकळायचा, डब्या बुडाशी बसू द्यायच्या, मगच वरचं पाणी ओतायचं. मावशीचा हात सवयीने पुढे गेला. पाणी मोरीत गेल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला: ते अजून दुधट होतं!

ती तडक संशोधक बाईंच्या टेबलाशी गेली. "बाई, घात झाला. चकत्या मोरीत गेल्या."

"सगळ्या?"

"हलक्या तेवढ्या. आता नुसत्या जाड दिसतील, आणि तुम्ही लिहाल, तेव्हा बर्फच बर्फ होतं."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "नळीच्या बुडाचं टोपण बघा."

टोपणाला नखभर गाळ चिकटला होता.

"हा तुम्हीच धुवा बाई. माझा हात आज माझं ऐकत नाहीये."

"मी तर उकळतानाच उतू घालवीन! धुवा मुकाट्याने."

या वेळी मावशीने हात कोटाच्या खिशात कोंबले आणि पाणी पार नितळेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

काचपट्टी तयार झाली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाशी आधी तिलाच बसवलं.

चकत्याच चकत्या! काठाला केसाहून बारीक रेघा, जणू कुणी चिमुकले सूर्य कोरून ठेवलेत. मावशी भिंगावरून डोळा काढेचना.

"अहो, बोला ना!"

"मोकळं पाणी, बाई. एवढ्या उत्तरेला!"

बाईंनी तिला सरकवून डोळा लावला. "माणूस शेती शिकत होता तेव्हाचा थर आहे हा," त्या हळूच म्हणाल्या. "आपण बर्फ फोडून नळी खुपसली ना, तिथे तेव्हा उन्हाळ्यात लाटा उठायच्या."

"आणि मी त्या मोरीत ओतल्या."

"उरल्यात की."

"मग सरका, पुन्हा बघू द्या."