मूठभर बत्तासे आणि रत्नागिरीचा मलखांब

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, आणि अक्षर तर वाळूवरून कुर्ली (खेकडा) चालत गेल्यासारखे आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण आमच्या घरच्या मुलीबाळींच्या हाती कधी पडलेच, तर आमची रत्नागिरीची फेरी त्यांना कळावी.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही पूर्णगडाहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि हे. हे बंदराच्या नाक्यावर कारकून आहेत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांना गोड लघवीचा आजार जडला. मलखांबावर खारीसारखा सरसर चढणारा माणूस वाळून चिपाड झाला. मुंबईच्या दिरांनी तिकडच्या डॉक्टरांकडून नवे औषध मिळवले, म्हणून हे वाचले. रोज दोन वेळा जेवणाआधी मांडीत सुई टोचावी लागते. पहिल्या दिवशी मी सुई तीनदा उचलली आणि तीनदा खाली ठेवली. तेव्हा हे म्हणाले, "अगो, गोधडीला टाका घालतेस असं समज."

औषधाला गारवा लागतो. घरी मी बाटली विहिरीत, पाण्याच्या वर टांगून ठेवते. प्रवासासाठी लहान मडक्यात ओली वाळू भरली, तीत बाटली पुरली आणि तोंडाला ओले फडके बांधले. आगबोट खोल पाण्यात उभी राहते, तिथपर्यंत पडावातून जावे लागते. पडावात मडके मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गो, कुनाच्या अस्थी नेतंस?"

"नाही हो, औषध आहे."

"मडकाभर? मग रोगी खंय हाय?"

मी बोटाने दाखवले. हे तेव्हा आगबोटीच्या शिडीशी उभे राहून बायकामाणसांना हात देऊन एकेकीला वर चढवत होते.

"ह्यो रोगी?" म्हातारी म्हणाली. "मग माज्या घोवाला (नवऱ्याला) पन ह्योच रोग होऊं दे!"

मला हसू आवरेना. यांनी वरून विचारले, "काय झालं?" मी मडके तेवढे वर यांच्या हाती दिले.

दुपार कलता रत्नागिरीचे दीपगृह दिसले. धक्क्यावरून तांबड्या मातीच्या रस्त्याने चालत आम्ही यांच्या मावशींकडे गेलो. मडक्यातली बाटली मी आधी त्यांच्या विहिरीत टांगली, मग पाय धुतले. रात्री नाचणीची भाकरी आणि तळलेले बांगडे होते. मावशींना आजाराचे नीटसे ठाऊक नव्हते. त्यांनी यांच्या पानात हापूसची फोड वाढली. यांनी ती उचलली, डोळे मिटून हुंगली आणि माझ्या पानात ठेवली. "वास माझा, आंबा तुझा," एवढेच म्हणाले.

आता ज्यासाठी गेलो ते सांगते. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात हनुमान जयंतीला मलखांबाचे सामने होतात. यांनी शाळेत असताना तिथल्याच वस्तादांच्या हाताखाली शिकून घेतले होते. आजारी पडल्यावर वस्ताद म्हणाले होते, "दुखणाईत माणूस मी खांबावर चढवत नाही. पडलास तर पाप मला." तेव्हापासून यांच्या मनात एकच होते, त्या खांबावर एकदा खेळायचे. परसात खांब पुरून हे पहाटे सराव करत. पहिल्या दिवसांत दोन पकडी झाल्या की धापा टाकत खाली बसत. हळूहळू अंग भरले. वस्तादांना यांनी "बरा झालो" एवढेच कळवले. सुईचे सांगितले नाही. मला म्हणाले, "एकदा खेळू दे. मग लोक मला खुशाल आजारी म्हणोत."

सकाळी मैदानावर सुई कुठे टोचणार, म्हणून मी निघतानाच टोचली. खेळाडू खांबाची पूजा होईपर्यंत अन्नाला शिवत नाहीत, अशी तिथली रीत. पूजा लवकरच होती, पण सुईनंतर वेळेवर खाल्ले नाही तर अंगातली साखर एकदम उतरते. म्हणून मी भाकरी फडक्यात बांधून घेतली, गुळाचा खडा यांच्या कोटाच्या खिशात टाकला.

पण पूजेला येणाऱ्या पाहुण्यांची मोटार वाटेत बंद पडली. ऊन चढू लागले. पुरुष मैदानाच्या एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मध्ये दोरी. भाकरी माझ्या मांडीवर. एवढ्या पुरुषांमधून चालत जायचे धाडस मला झाले नाही. हेही काही खाईनात, कारण खाल्ले तर का खाल्ले ते सांगावे लागले असते. शेवटी पाहुणे आले, पूजा झाली, आणि प्रसाद वाटण्याआधीच पहिली हाक यांनाच आली.

हे सरसर चढले. लोक "वाहवा" म्हणाले. वरच्या बोंडावर (खांबाच्या टोकावर) तोल सावरून बसले आणि मनगटाने वरचा ओठ पुसला. पुन्हा पुसला. मग उगाचच हसू लागले. ते हसू मी घरी पाहिले होते. साखर उतरली की यांना असेच हसू येते, आणि मग शुद्ध जाते.

मी उठून ओरडले, "अहो!"

त्या अंगाचे सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघू लागले. वळले नाहीत ते एकटे हेच.

मग मी यांचे नाव घेऊन हाक मारली. लग्नात घेतले त्यानंतर पहिल्यांदा. यांनी माझ्याकडे पाहिले. "खाली या! आत्ताच्या आत्ता!" हे घसरत खाली आले आणि मातीत बसले. गूळ तिकडे काढून ठेवलेल्या कोटात. जवळच बत्ताशेवाली होती, तिच्या टोपलीत हात घालून मी मूठ भरली, दोरीखालून वाकून धावले आणि यांच्या तोंडात एकेक बत्तासा घातला.

वस्ताद येऊन यांच्यापाशी उभे राहिले. थोड्या वेळाने यांचा चेहरा माणसात आला. यांनी मान खाली घालून सगळे सांगितले.

वस्तादांनी मला विचारले, "रोज सुई कोण टोचतं?"

"मी."

"मग आता तूच सांग. चढू देऊ याला?"

यांनी माझ्याकडे असे पाहिले, की ते डोळे अजून आठवतात. मी म्हणाले, "आधी भाकरी खाऊ द्या. मग शेवटी चढू द्या."

हे शेवटी चढले. नंबर आला नाही. वस्तादांनी पूजेचा नारळ यांच्या हाती दिला आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी पूजा होवो न होवो, तू जेवून चढायचं."

परतताना आगबोटीवर मडके यांनी मांडीवर घेतले होते. लपवायचे असे आता आमच्याकडे काही उरले नव्हते. मला मात्र एकदम आठवले, बत्ताशांचे पैसे द्यायचे राहिले.

पावसाळ्यात आगबोटी बंद. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा देवळाशी ती बत्ताशेवाली होती. मला बघताच म्हणाली, "आली गो बाय, ती बोंब मारनारी!"

मी दोन आणे पुढे केले. तिने हात मागे घेतला. "पैसं घेते, पन आधी घोवाचं नाव घे. त्या दिशी आरडत घेतलंस, आता रीतीत घे."

मला एकही उखाणा आठवेना. पदर सावरून मी नुसतेच म्हणाले, "दत्ताराम."

मागे उभ्या असलेल्या यांनी "ओ" दिली.

बत्ताशेवालीने दोन आणे कनवटीला लावले. "फिटलं गो बाय," ती म्हणाली. "सगळं फिटलं."